'कार्पेंटेरिया' साठाव्या पानावर का अडते, आणि पुढे कशी वाचावी

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. तुम्ही मेलबर्नला राहता. तिथल्या लायब्ररीच्या वाचनगटाने ॲलेक्सिस राइट या ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकी असलेल्या, लेखिकेची 'कार्पेंटेरिया' ही कादंबरी निवडली आहे आणि चर्चेला सहा आठवडे आहेत. तुम्ही ती तीनदा सुरू केलीत आणि तिन्ही वेळा साठाव्या पानाच्या आसपास सुटली. कोण बोलतंय, काळ कुठून कुठे जातोय, साप खरा मानायचा की प्रतीक, यातलं काहीच धड कळत नाही, असं तुम्ही म्हणता. शिवाय विचारता, की आपलं इंग्रजी कमी पडतंय का, आणि आधी ॲबोरिजिनल लोकांचा इतिहास वाचून घ्यावा का.

इंग्रजी कमी पडत नाहीये. ज्यांची ती घरची भाषा आहे तेही याच सुमाराला अडताना मी वाचनवर्गात पाहते, आणि कारण पुस्तकाच्या मांडणीतच आहे. पहिल्या प्रकरणात नदी आणि साप. दुसऱ्यात एंजल डे नावाची बाई, कचऱ्याचा डेपो आणि तिथली मारामारी. आपल्याला वाटतं, चला, नायिका सापडली. तिसरं प्रकरण उघडावं तर समुद्रातून एक गोरा माणूस चालत येतोय, त्याला स्वतःचं नावगाव आठवत नाही, आणि एंजल डेचा पत्ता नाही. नुकतं कुठे हाताला लागलेलं सूत सुटतं. मग वाचक मागे जाऊन पानं चाळतो, आपलंच काही निसटलं असेल असं समजतो, आणि पुस्तक उशाशी पडून राहतं.

निसटलेलं काही नसतं. आपण मुख्य पात्र शोधताना माणूस शोधतो, आणि इथे मुख्य पात्र आहे ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या कार्पेंटेरियाच्या आखाताचा दक्षिण किनारा: तिथली नदी, खाजण, समुद्र, जमिनीखालचं पाणी आणि त्या सगळ्याचा कायदा. माणसं त्या किनाऱ्याला घडणाऱ्या गोष्टी आहेत. हे एकदा धरलं की तिसऱ्या प्रकरणातली उडी उडी वाटत नाही. कचरा डेपो जमिनीवरचा, तो गोरा माणूस, इलायस, समुद्रातून आलेला. जागा तीच, फक्त दुसऱ्या बाजूने दाखवलेली.

तुम्हाला चर्चेपुरतं कथानक हवंय की पुस्तक खरंच भोगायचंय, यावर बाकीचा सल्ला ठरेल. नुसतं कथानक हवं असेल तर कुठलाही सारांश दहा मिनिटांत मिळतो, त्यासाठी पाचशेहून जास्त पानांच्या वाटेला जाऊ नका. दुसरी गोष्ट म्हणजे वेळेची पद्धत. रोज लोकलमध्ये वीस मिनिटं वाचणाऱ्याला हे पुस्तक जड जातं. आठवड्यात दोन-तीनदा तास-दीड तास सलग काढणाऱ्याला तेच सोपं जातं. एक प्रकरण शक्यतो एका किंवा फार तर दोन बैठकींत संपवायचं. प्रकरणं गोल फिरतात, सुरुवातीला निघालेली गोष्ट मधे तीन ठिकाणी भटकून शेवटी परत येते. अर्ध्यात सोडलं तर ती भटकंतीच लक्षात राहते, परतणं राहत नाही.

आता पहिलं प्रकरण. ते छोटं आहे आणि बहुतेक जण प्रस्तावना समजून घाईत उरकतात. तिथेच पुढचं सगळं बिघडतं. ढगांहून मोठा पूर्वज-सर्प ताऱ्यांतून खाली उतरतो, सरपटत जातो आणि त्याच्या वाटेने नद्या होतात. मग तो जमिनीखाली चुनखडीच्या थरांत राहतो आणि श्वास घेतो. श्वास आत घेतला की भरती नदीतून आत शिरते, पार चुनखडीच्या पठारातल्या घळींमधल्या झऱ्यांच्या दिशेने. श्वास सोडला की पाणी मागे समुद्राकडे फिरतं. हे वाचताना पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे पाणी आत्ता कुठे आहे? उत्तर दर वेळी मिळतं, कारण वर्णन अचूक आहे. राइट ज्या वानयी समाजाच्या आहेत त्यांचा मुलूख आखाताच्या दक्षिणेला, आतल्या डोंगराळ भागात आहे. लॉन हिलची घळ तिथलीच, चुनखडीतून झिरपणाऱ्या झऱ्यांवर वर्षभर वाहणारी. तिथून उत्तरेला समुद्रापर्यंत जमीन इतकी सपाट, की पावसाळ्यात नद्या एकमेकींत मिसळतात. आखाताच्या त्या कोपऱ्यात भरती सहसा दिवसातून एकदाच येते, मुंबई-गोव्याकडे असते तशी दोनदा नाही. दिवसाचा एक लांब श्वास, म्हणजे सापाचं वर्णन भूगोलाला धरूनच आहे.

त्याच प्रकरणात एक तपशील येतो जो पुढे सगळ्या पुस्तकाला पुरतो. डेस्परन्स हे कादंबरीतलं गाव बंदर म्हणून वसवलेलं. एका पावसाळ्यात नदीने पात्र बदललं आणि गावाला वळसा घालून निघून गेली. राहिलं काय, तर पाणी नसलेलं बंदर. गोऱ्या वस्तीला वाटतं हा अपघात. सापाची गोष्ट ऐकलेल्यांना माहीत असतं, की तिथे गाव वसवायलाच नको होतं. म्हणजे पुराणकथा इथे कथानकाचं इंजिन आहे: ती नदी हलवते, गाव निरुपयोगी करते, खाणीखालची जमीन जिवंत ठेवते आणि शेवटी वादळ आणते. वादळ येणार हे सांगून मी तुमचा रसभंग करत नाहीये, पहिलं प्रकरण नीट वाचणाऱ्याला ते तिथेच कळतं. या किनाऱ्यावर असं खरोखर घडलेलंही आहे. १८८७ च्या मार्चमध्ये चक्रीवादळाने समुद्राचं पाणी बर्कटाउन या गावात घुसलं आणि गाव जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झालं. बर्कटाउन आजही आहे, समुद्रापासून आत, आल्बर्ट नदीवर. नकाशावर ते, नॉर्मंटन, करुम्बा आणि लॉन हिल अशी चार ठिकाणं बघून ठेवा. एवढा भूगोल पुरे.

दुसरी अडचण निवेदकाची. 'कोण बोलतंय?' या प्रश्नाला नाव-आडनाव असलेलं उत्तर नाही. त्या भागातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाने आपल्याच माणसांना गोष्ट सांगावी तसा हा आवाज राइट यांनी घडवला आहे, आणि त्याबद्दल त्यांनी स्वतः लिहिलंही आहे. तो आवाज गप्पा मारतो, कुचाळक्या करतो, मधेच एकदम भारदस्त होतो, आणि ऐकणाऱ्याला गाव माहीत आहे असं धरून चालतो. कीर्तनात बुवा आख्यान लावतात, मधे दृष्टान्त घेतात, समोरच्या कुणाची फिरकी घेतात आणि मग मूळ पदावर येतात, तेव्हा आपण 'काळ का उडाला' असं विचारत नाही. कानाला ती सवय तुम्हाला आहेच, फक्त छापील कादंबरी हातात आली की आपण ती बाजूला ठेवतो.

म्हणून पहिली तीस-चाळीस पानं मोठ्याने वाचा. हे मी हौस म्हणून सांगत नाही. राइट यांचं वाक्य चार-चार ओळी चालतं, क्रियापद मधे कुठेतरी असतं आणि शेपटीला एखादा तिरकस शेरा जोडलेला असतो. डोळा अशा वाक्यात कर्ता-कर्म शोधत अडखळतो. तोंडाने वाचलं की श्वास कुठे घ्यायचा ते आपोआप कळतं आणि शेरा कुठला ते उमगतं. मोठ्याने वाचणं शक्य नसेल तर ऑडिओबुक लावा आणि पुस्तक समोर धरा. नुसतं ऑडिओ मात्र नको. नावं बरीच आहेत, ती डोळ्यांखालून गेल्याशिवाय टिकत नाहीत. मधे वानयी भाषेतले शब्द येतील, बऱ्याच ठिकाणी अर्थ न देता. ते तसेच जाऊ द्या. किंडलवर वाचत असाल तर शब्दावर बोट ठेवून अर्थ बघायची सवय या पुस्तकापुरती आवरा, लय तुटते आणि हाती फारसं लागत नाही.

नावांचं काय करायचं? बहुतेक वाचक वंशावळ काढायला बसतात. वंशावळ काढू नका, जागांचा तक्ता करा. एका कागदावर सहा खण: मधे अपटाउन, म्हणजे गोऱ्यांची वस्ती; तिच्या पश्चिमेला काटेरी झुडपांतली प्रिकलबुशची वस्ती; पूर्वेला तिची फुटून निघालेली दुसरी वस्ती; वर समुद्र; खाली खाण; आणि एक लांब रस्ता. पश्चिमेच्या खणात नॉर्म फँटम, त्याची बायको एंजल डे आणि त्यांची मुलं. पूर्वेच्या खणात जोसेफ मिडनाइट आणि त्याच्या घरातली होप. अपटाउनमध्ये महापौर ब्रूझर आणि पोलीस ट्रुथफुल. समुद्राच्या खणात इलायस स्मिथ. रस्त्यावर मोझी फिशमन, जो मोडक्या गाड्यांचा ताफा आणि अनुयायी घेऊन पूर्वजांच्या वाटेने मुलूखभर फिरत असतो. खाणीच्या खणात 'गरफरिट' कंपनी. हे नाव मोठ्याने म्हणून बघा, त्यातली इंग्रजी थट्टा ऐकू येईल.

आता पात्रं खण बदलतात तिथे बाण काढत जा, कथानक त्या बाणांत दिसतं. विल हा नॉर्मचा मुलगा पूर्वेच्या होपशी संसार मांडतो, म्हणून बाप त्याच्याशी बोलत नाही. एंजल डे नॉर्मला सोडून रस्त्याच्या खणात, फिशमनकडे जाते. विल खाणीच्या पाइपलाइनीच्या मागे लागतो. नॉर्म समुद्रावर निघून जातो. वंशावळीत हे काहीच दिसलं नसतं, कारण या माणसांचं भांडण रक्ताचं कमी आणि 'ही जागा कुणाची, तिच्या वतीने बोलायचा हक्क कुणाचा' याचं जास्त आहे. विल आणि होप यांचा मुलगा बाला आहे. त्याचं नाव दोन खणांच्या मधल्या रेषेवर लिहा, पुढे उपयोगी पडेल.

वाचन जमतंय की नाही हे तपासायची जागा म्हणजे दुसऱ्या प्रकरणातला कचरा डेपो. तो प्रसंग सावकाश वाचा. एंजल डे अपटाउनने टाकलेल्या कचऱ्यातून घर उभं करणारी बाई. तिला ढिगाऱ्यात एक घड्याळ सापडतं. घड्याळ घरात आलं की मुलं वेळेवर शाळेत जातील, आपण गोऱ्यांसारखे सुस्थितीत येऊ, असं पूर्ण स्वप्न ती तिथल्या तिथे बघते. मग मेरीमातेचा पुतळा सापडतो. तो ती घरी नेऊन रंगवते आणि मेरीला समुद्रकाठच्या आपल्यातल्या बाईचं रूप देते. त्या ढिगाऱ्यावरच्या हक्कावरून मारामारी पेटते आणि प्रिकलबुशचे दोन तुकडे होतात, पश्चिम आणि पूर्व. वाचताना तुम्हाला हसू आलं आणि त्याच वेळी पोटात कालवलं, तर तुम्ही बरोबर वाचताय. नुसती कीव आली तर परत वाचा. एंजल डे दयेचा विषय नाही. ती गर्विष्ठ आहे, भांडखोर आहे, हुशार आहे, आणि निवेदकाला तिची भीतीही वाटते आणि कौतुकही. आपले वाचक या पुस्तकाकडे फार सुतकी चेहऱ्याने जातात. अन्यायाची कादंबरी म्हणजे हसायचं नाही, असं कुणी सांगितलंय? पोलिसाचं नाव ट्रुथफुल, गावाचं नाव आशेच्या शब्दाला उलटं करून केलेलं. पहिल्या शंभर पानांत एकदाही हसला नाहीत तर वेग कमी करा, आवाज निसटतोय.

'साप खरा की प्रतीक' याचं माझं उत्तर ठाम आहे: प्रतीक समजू नका. समीक्षेत या पुस्तकाला 'जादुई वास्तववाद' असं लेबल वारंवार लागतं. राइट यांनी लॅटिन अमेरिकी लेखक आवडीने वाचलेत हे खरं, पण या लेबलाने वाचकाचं नुकसान होतं. 'जादुई' म्हटलं की पानावरच्या घटनांची आपण मनात दोन भागांत वाटणी करतो: खाण, पोलीस, पाइपलाइन इकडे, साप, तारे, समुद्रातली शक्ती तिकडे. मग दुसरा भाग आला की डोळे सैल पडतात, 'हे काव्यात्म आहे' म्हणून. नेमक्या त्याच पानांत नॉर्म समुद्रावर दिशा कशी ठरवतो, माशांच्या जागा कशा ओळखतो, प्रवाह कसे वाचतो ही माहिती असते, आणि ती सुटली की पुढे तो वाचला कसा हेही कळत नाही. नॉर्मचं हे ज्ञान आणि सापाची गोष्ट एकाच कायद्यात बसतात, आणि वेगळी करायला गेलं की दोन्ही मरतात.

अपटाउनचे लोकही काही कमी श्रद्धाळू नाहीत, हे राइट आवर्जून दाखवतात. त्यांनी आपल्या वस्तीभोवती एक अदृश्य जाळं कल्पिलेलं आहे, बाहेरच्या सगळ्या संकटांपासून राखणारं. समुद्रातून आलेल्या इलायसभोवती ते बघता बघता दंतकथा रचतात. दोन्ही बाजूंच्या कथा शेजारी ठेवून बघा: कुठली कथा त्या जमिनीचं वागणं आधी सांगू शकते आणि कुठली नाही? हा प्रश्न तुमच्या गटात चर्चेला टाकला तर तासभर पुरेल.

इतिहास आधी वाचावा का? नाही, आणि याचं कारण पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत आहे. तिथे एक अख्खं राष्ट्र घोष करतंय की तुमची गोष्ट आम्हाला आधीच ठाऊक आहे. पुढची पाचशे पानं त्या घोषाला दिलेलं उत्तर आहे. आधी दोन जाडजूड इतिहास वाचून गेलात तर तुम्हीही तेच म्हणत आत शिरता आणि प्रत्येक पात्र कुठल्यातरी प्रकरणाचं उदाहरण होऊन बसतं. पण अगदी कोरं राहूनही चालत नाही, कारण निवेदक बऱ्याच गोष्टी गृहीत धरतो. मी तीनच गोष्टी सांगते, आणि त्याही ज्या त्या ठिकाणी.

पूर्व-पश्चिम वादाशी आलात की हे लक्षात घ्या: ब्रिटिशांनी ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांशी तह केले नाहीत, जमीन कुणाच्याच मालकीची नव्हती असं धरूनच वसाहत केली. ही समजूत १९९२ साली माबो खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मोडली आणि १९९३ मध्ये 'नेटिव्ह टायटल'चा, म्हणजे जमिनीवरच्या मूळ रहिवाशांच्या परंपरागत हक्काचा, कायदा आला. त्यानंतर हक्क सांगायचा तर त्या जमिनीशी आपलं नातं अखंड आहे हे कोर्टकचेरीत सिद्ध करावं लागतं. मग शेजारी-शेजारी राहणाऱ्यांत 'खरे कोण' हा वाद पेटतो, आणि जोसेफ मिडनाइटचा सगळा खेळ यावर उभा आहे. खाणीच्या भागात आलात की सेंच्युरी ही जस्ताची खाण आठवा. ती वानयी मुलखात, लॉन हिलजवळ. मूळ रहिवाशांशी करार १९९७ मध्ये झाला, उत्पादन १९९९ मध्ये सुरू झालं, आणि दळलेलं खनिज पाण्यात कालवून ३०४ किलोमीटर लांबीच्या नळातून करुम्बा बंदराला जायचं. विलच्या पाइपलाइनीला हे हाडामांसाचं मूळ आहे. कादंबरी मात्र त्या खाणीचा अहवाल नाही, तेव्हा घटना जुळवत बसू नका.

तिसरी गोष्ट उत्तरार्धातली, आणि ती सांगून ठेवलेली बरी. पेट्रोल हुंगणारी तीन पोरं खुनाच्या संशयावरून कोठडीत जातात. पुढे जे होतं ते वाचवत नाही. ऑस्ट्रेलियात कोठडीतल्या ॲबोरिजिनल मृत्यूंवर १९८७ ते १९९१ या काळात रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं होतं, ९९ मृत्यूंची चौकशी झाली. राइट यांनी तो आकडा कुठेही दिलेला नाही, तीन नावं दिली आहेत. त्या भागाला सलग वेळ ठेवा, रात्री झोपताना घेऊ नका, आणि त्याच बैठकीत पुढच्या प्रकरणात शिरू नका.

आपल्याकडच्या वाचकासाठी एक सावधगिरी. खाण, विस्थापन, आदिवासी म्हटलं की आपल्याला लगेच नर्मदा खोरं किंवा गडचिरोली आठवतं. खाण कंपनी माणसं कशी फोडते, नोकरीचं गाजर कसं दाखवते, इतपत ही ओळख कामाला येते. त्यापुढे ती दिशाभूल करते. आपल्याकडे पाचवी अनुसूची आहे, राखीव जागा आहेत, वनहक्क कायदा आहे. म्हणजे वाद राज्यघटनेच्या आतला आहे. 'कार्पेंटेरिया'तली माणसं मुळात त्या राष्ट्राचा अधिकारच मान्य करत नाहीत. त्यांचा कायदा आधीचा आहे आणि अजून लागू आहे. नॉर्म फँटम सरकारकडे काहीच मागत नाही, हे लक्षात ठेवा. त्याच्या नावाने नदीचं बारसं करायला पुढारी येतात तो प्रसंग या दृष्टीने वाचा. नदीला आधीपासून नाव असताना कुणीतरी येऊन तिला नाव 'बहाल' करतंय, यातली गंमत निवेदक दाबून ठेवत नाही.

काळाच्या उड्यांबद्दल थोडंच सांगते, कारण जागांचा तक्ता केला की हा त्रास निम्मा होतो. पुस्तकात तारखा जवळजवळ नाहीत. 'तेव्हा' कुठे आणि 'आत्ता' कुठे हे ठरवायचं तर तीन खुणा बघा: खाण आली आहे का, एंजल डे घरात आहे का, इलायस जिवंत आहे का. या तिन्हींची उत्तरं मिळाली की प्रसंग कुठे बसतो ते कळतं. नाही मिळाली तरी पुढे चला, दहा-वीस पानांत मिळतात.

सहा आठवड्यांची वाटणी मी अशी करीन. एकूण प्रकरणं १४. पहिल्या आठवड्यात पहिलं प्रकरण दोनदा, दोन वेगळ्या दिवशी, आणि दुसरं एकदा. दुसऱ्या आठवड्यात तिसरं-चौथं. इथेच तुमची जुनी अडण्याची जागा आहे, म्हणून मुद्दाम कमी ठेवलंय. तिसऱ्यात पाच ते सात. चौथ्यात आठ ते दहा. मध्यावर नॉर्म होडी घेऊन समुद्रावर जातो तो पट्टा लांब आहे, वेग मंदावतो आणि पुस्तक दुसऱ्यांदा हातातून सुटतं ते इथे. तिथे पानांचा हिशोब सोडून द्या. मोठ्याने वाचायचं थांबवलं असेल तर परत सुरू करा, कारण ती पानं कथानकासाठी नाहीतच; समुद्र माणसाशी कसा वागतो ते ऐकवण्यासाठी आहेत. पाचव्या आठवड्यात अकरा-बारा, आणि तोवर पुस्तक स्वतःच ओढून नेतं. शेवटच्या आठवड्यात तेरा-चौदा, आणि चर्चेच्या आदल्या दिवशी पुन्हा पहिलं प्रकरण. पहिल्या वेळी जिथे पेन्सिलीने पाणी कुठे आहे ते लिहिलं होतंत, त्या खुणा आता बघा. मागे पडलात तर सातवं प्रकरण भरभर वाचलं तरी चालेल, पहिलं आणि शेवटची दोन मात्र कधीच नाही.

चर्चेच्या दिवसाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मेलबर्नला आहात म्हणून सांगते. सुरुवातीला वुरुंजेरी किंवा बुनुरोंग या मेलबर्न परिसरातल्या मूळ लोकांच्या भूमीला मान देणारी दोन वाक्यं म्हटली जातील. तो मुलूख वेगळा, भाषा वेगळी. आखात तिथून दोन हजार किलोमीटरहून जास्त दूर आहे. गटात कुणी ॲबोरिजिनल सभासद असतील तर त्यांनी तुम्हाला वानयी कथा समजावून द्यावी अशी अपेक्षा धरू नका. कोल्हापूरच्या माणसाला मणिपूरचं पुराण विचारण्यासारखं ते होतं. 'ही कथा खरंच मानतात का लोक?' हा प्रश्नही टाळा. त्याऐवजी पुस्तकातलं ठिकाण धरून विचारा: नदीने पात्र बदललं ते पान, घड्याळाचं पान, बारशाचं पान. पान क्रमांक आवृत्तीनुसार बदलतात, म्हणून प्रकरण सांगा.

राइट यांचीच 'प्रेझवर्दी' ही कादंबरी आधी घ्यावी का, हेही तुम्ही शेवटी विचारलंय, कारण तिला २०२४ मध्ये स्टेला आणि माइल्स फ्रँकलिन हे ऑस्ट्रेलियातले दोन्ही मोठे साहित्य पुरस्कार मिळाले. आधी नको. ती सातशे पानांच्या पुढे जाते, वाक्यं आणखी लांब, पुनरुक्ती मुद्दाम केलेली, आणि २००७ मध्ये केंद्र सरकारने नॉर्दर्न टेरिटरीतल्या ॲबोरिजिनल वस्त्यांत जो थेट हस्तक्षेप केला त्याचा राग तिच्या तळाशी आहे. 'कार्पेंटेरिया' कानात बसल्यावर ती वाचवते, उलट्या क्रमाने फारच थोड्यांना जमतं. 'कार्पेंटेरिया'ही २००६ मध्ये सिडनीच्या जिरामोंडो या छोट्या प्रकाशनाने काढली, मोठ्या प्रकाशकांनी नाकारल्यावर. २००७ चा माइल्स फ्रँकलिन तिलाच मिळाला. तेव्हा अडणारे तुम्ही पहिले नाही, तिथले संपादकही अडले होते.

आणि दुसऱ्या आठवड्याअखेर चौथं प्रकरण संपूनही काही पकडीत येत नसेल, तर गटाला तसं सांगून मोकळ्या व्हा आणि मेलिसा लुकाशेंको यांची 'टू मच लिप' किंवा तारा जून विंच यांची 'द यील्ड' घ्या. दोन्ही आजच्या काळातल्या, छोट्या आणि घट्ट कथानकाच्या, आणि दोन्हींत जमीन आणि कुटुंब आहेच. त्या वाचून वर्षभराने 'कार्पेंटेरिया' उघडलीत तरी पुस्तक कुठे जात नाही. जागांचा तक्ता मात्र आत्ताच करून पुस्तकात घालून ठेवा.